वर कोण राहतं?

रिकामी खोली दिसली की चावीबाई आधी जमिनीवर बसत. दारात भाडेकरू ताटकळतोय, घरमालक खिडक्या उघडून खोलीचं गुणगान गातोय, आणि या बाई मधोमध मांडी ठोकून, डोळे मिटून बसलेल्या. नवखा माणूस गांगरून जाई. एका बापड्याला वाटलं, बाईंना चक्कर आली. तो धावत जाऊन पाणी घेऊन आला. बाईंनी ते पिऊन टाकलं आणि डोळे न उघडताच सांगितलं, "पलीकडे शिवणाचं मशीन चालतं. चला, दुसरी खोली बघू."

भाड्याची घरं दाखवणं हा त्यांचा धंदा. रिकाम्या घरांच्या चाव्या खांद्यावरच्या पिशवीत असायच्या, त्यामुळे रस्त्यावर आधी चाव्यांची खुळखुळ यायची आणि तिच्यामागून बाई. नाव तिथूनच पडलं, आणि इतकं चिकटलं की खरं नाव विचारलं तर घरमालकही डोकं खाजवत.

खोलीत बसून झालं की त्या वरच्या मजल्यावर जात. काहीतरी निमित्त काढून दार वाजवत आणि बघता बघता वरच्यांचा सगळा छडा लावून खाली येत. मूल केवढं आहे, आजोबा काठी टेकत चालतात का, सूनबाई मिक्सर कधी लावतात. मग खालचा मजला, मग शेजार. "भिंती काय, सगळीकडे सारख्याच," त्या सांगायच्या. "वर कोण, खाली कोण, शेजारी कोण, एवढं बघा. रंगबिंग मागाहून." याला कोणी चौकसपणा म्हणे, कोणी नसती उठाठेव. बाईंना दोन्ही मान्य होतं. शांत खोली मिळवून द्यावी तर चावीबाईंनीच, असा त्यांचा लौकिक होता आणि तो त्यांना अंगभर मिरवायला आवडायचा.

एकच गिऱ्हाईक असं निघालं की ज्याचं कोडं त्यांना उलगडलं नाही. नुकतीच बायको गेलेला एक मास्तर. त्याला त्यांनी मागच्या बाजूची, पानसुद्धा हललेलं ऐकू येईल अशी खोली शोधून दिली. त्याने ती बघितली, मान हलवली आणि छापखान्याच्या वरची खडखडाटी खोली घेतली. "डोक्याने जरा हललेला असावा," असं म्हणून बाईंनी तो विषय सोडून दिला होता.

लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही, हे कोणी विचारलं, की दुनियेच्या चौकशा करणाऱ्या या बाई पिशवी उचलून चालू लागत. घरी दादा आणि वहिनी. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा चावीबाई फ्रॉक घालून जिन्यात उड्या मारत होत्या. आई आधीच गेलेली. वेण्या घातल्या वहिनीने, अभ्यास घेतला वहिनीने, पहिली कमाई गल्लीभर सांगितली तेव्हा दृष्ट लागेल म्हणून ओरडलीसुद्धा वहिनीच. वहिनी त्यांना अजून 'चिमे' म्हणायची. फार राग आला तरच 'वन्सं'.

दादा शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळले. वाचा गेली होती. कुशीवर वळवायला हवं असलं, घसा सुकला, की ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजवायचे. टकटक झाली की वहिनी उठायची. पलीकडच्या खोलीतल्या चावीबाई पांघरूण बाजूला करेपर्यंत ती सगळं आटपून परत आडवी झालेली असायची. पुढे दादा गेले. पलंग घरातून गेला, चमचा इतर चमच्यांत मिसळून गेला. वहिनीची झोप मात्र परत आली नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी वहिनी दिवसभर गुंगीत वावरायची आणि अंथरुणाला पाठ टेकली की टक्क जागी. तोंड ओढलं गेलं. गॅसवर दूध ठेवून ती विसरायला लागली. परवा तर जिन्यात तिचा तोल गेला. कठडा हातात आला म्हणून निभावलं. आई कशी होती हे चावीबाईंना आठवत नव्हतं. होती ती ही एकच, आणि ती डोळ्यांदेखत झिजत चालली होती.

"जागा बदलून बघा," डॉक्टर म्हणाले.

दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या भाच्याने, म्हणजे वहिनीच्या मुलाने, ते फारच मनावर घेतलं. त्याचा फोन आला. "आत्या, मी तुम्हा दोघींना जहाजावर पाठवतोय. मोठं प्रवासी जहाज, अख्खं गाव मावेल एवढं. बाल्कनीची खोली घेऊ. समुद्राचा वारा लागेल, आईला झोप येईल. फक्त खोली तू निवड. त्यातलं तुझ्याइतकं कोणाला कळतंय?"

चावीबाईंनी धंदा सोडल्याला बराच काळ लोटला होता. त्या रिकाम्या पिशवीसारख्या खुंटीला लटकून होत्या म्हणा ना. हे ऐकलं आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं.

पंचाईत एकच होती. या खोलीत आधी जाऊन बसता येत नव्हतं. भाच्याने जहाजाचे नकाशे पाठवले, प्रत्येक मजल्याचा वेगळा. बाईंनी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून पातळ कागदावर छापून आणले. मग खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून बघितले. बाहेरच्या उजेडात खालच्या मजल्याच्या रेघा वरच्या मजल्यातून दिसायला लागल्या, आणि कोणत्या खोलीच्या डोक्यावर काय बसलंय ते कळायला लागलं. वहिनी भाजी निवडता निवडता बघत होती. "अगं, घर घेतेयस का जहाज?" तिने विचारलं.

"तू गप बस. तुला झोप हवीय ना?"

वहिनीने पुन्हा भाजीत डोकं घातलं.

बुकिंगच्या ऑफिसातली मुलगी फोनवर फार गोड बोलायची. पहिल्या दिवशी तिने सांगितलं, "मॅडम, बाल्कनीच्या सगळ्या खोल्या सारख्याच आहेत." हे वाक्य चावीबाईंनी झाडून सगळ्या घरमालकांच्या तोंडून ऐकलं होतं.

"असं? मग मला सांगा, ही जी मधली खोली आहे, तिच्या वर कोण राहतं?"

"मॅडम?"

"वर. आणि खाली कोण?"

"मॅडम, जहाज आहे. दर फेरीला माणसं बदलतात."

"बरं, माणसं राहू द्या. वर आहे काय? नकाशात नुसता पांढरा चौकोन दाखवलाय."

"ती रिकामी जागा असेल."

"ताई, माझ्या घरात वीतभर जागा रिकामी नाही. जहाजात कोण रिकामी सोडेल? विचारून सांगा."

मुलीने सुस्कारा सोडला तो बाईंना फोनमधून ऐकू आला. पण दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, तोही उत्साहाने. "मॅडम, तो पांढरा चौकोन! मी विचारलं. तिथे जेवणाच्या ट्रॉल्या ठेवतात. पहाटेपासून ढकलाढकली असते म्हणे!" त्या दिवसापासून तीही कामाला लागली. दोघींनी मिळून जहाज पिंजून काढलं. पुढच्या टोकाच्या खोल्या गेल्या, कारण लाटेवर जहाजाचं नाक सगळ्यात जास्त वरखाली होतं. मागच्या गेल्या, कारण तिथे इंजिनाची घरघर. नाटकगृहाच्या वरच्या गेल्या. एका खोलीची बाल्कनी ऐसपैस होती, पण खाली वाकलं तर पाण्याऐवजी जीवरक्षक होडीचं नारिंगी छप्पर. एकीला शेजारच्या खोलीत उघडणारं दार होतं. बंद असलं तरी दार ते दार, त्यातून कुजबुजसुद्धा झिरपते. सगळ्यात वाईट म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या खालची रांग. वर दिवसभर पळापळ, उजाडायच्या आत फरशी घासणं आणि खुर्च्यांची ओढाओढ. "त्या रांगेकडे बघूसुद्धा नका," मुलगी आता बाईंच्याच थाटात बजावायला लागली होती.

शेवटी सापडली. जहाजाच्या बरोबर पोटात, वर खोल्या, खाली खोल्या, लिफ्टपासून लांब, मधलं दार नाही, बाल्कनीसमोर नुसतं पाणी. चावीबाईंनी कागदावर बोट ठेवलं आणि ते भाच्याचा होकार येईपर्यंत उचललं नाही.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर लोक फोटो काढत होते. चावीबाईंनी खोली उघडली आणि गालिच्यावर मांडी ठोकली. डोळे मिटले. बराच वेळ कान लावला. पाऊल नाही, नळ नाही, लिफ्टची घंटी नाही. बाल्कनीचं काचेचं दार लावून घेतलं तर समुद्रसुद्धा मुका झाला. आयुष्यात इतकी शांत खोली त्यांनी कोणाला दिली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते अभिमानानेच आले असं सांगायला हरकत नाही.

"कशी आहे?"

"छान आहे गं," वहिनी म्हणाली. तिने खुर्ची उचलली आणि दाराकडे तोंड करून, समुद्राकडे पाठ करून बसली.

इथे बाईंचं चुकलं. खुर्ची उलटी का, असं त्यांनी एखाद्या परक्या भाडेकरूला नक्की विचारलं असतं. वहिनीला विचारलं नाही. घरच्या माणसाबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत होती.

सकाळी वहिनीचे डोळे लाल. "झोप लागली?" "लागली की." चावीबाईंनी उशीकडे बघितलं. उशीवर साधी चुणी नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच. बाईंनी पडदा ओढून बघितला, दिवा मंद करून बघितला, दाराच्या फटीला टॉवेलसुद्धा लावला. आधीच शांत असलेली खोली त्यांनी आणखी शांत केली आणि वहिनीचा चेहरा आणखी उतरला. चालताना ती आता भिंतीचा आधार घ्यायला लागली होती.

त्या दिवशी जेवण झाल्यावर चावीबाई जरा फिरून आल्या. फिरून म्हणजे नोकरमाणसं कोणत्या दारातून येतात, एवढ्या चादरी धुतात कुठे, याचा तपास करून आल्या. खोलीत वहिनी नव्हती. बाल्कनीत नव्हती. न्हाणीघरात नव्हती. एवढं मोठं जहाज, जागोजाग जिने, आणि झोपेविना लटपटणारी बाई. चावीबाई कधी नव्हे ते धावत सुटल्या.

वहिनी सापडली लिफ्टसमोर. तिथे एक मोठा कोच होता. त्यावर मांडीत पर्स, तोंड उघडं, मान एका बाजूला कललेली. आधी बाईंना भलतंच वाटलं. मग त्यांनी छातीकडे बघितलं. ती संथ वरखाली होत होती. वहिनी झोपली होती. लिफ्टची घंटी वाजत होती, दारं उघडत मिटत होती, ओली मुलं किंचाळत पळत होती, कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं. आणि त्या बाजारात वहिनी बारीक घोरत होती.

चावीबाई शेजारी बसल्या. हलायचं धाडस होईना. दादा गेल्यापासून त्यांनी तिला अशी झोपलेली बघितलीच नव्हती.

मग लिफ्ट थांबल्या. लोक पांगले. क्षणभर सगळं शांत झालं, आणि वहिनी खाडकन जागी झाली. नेमकी त्या शांततेत. चावीबाईंनी ते बघितलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कधी आलीस?" वहिनीने घाईघाईने केस सारखे केले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता. "जरा टेकले होते इथे."

"वहिनी, इथे झोप लागते तुला?"

"तसं नाही गं."

"खरं सांग."

वहिनीने पर्सची चेन उघडली, परत लावली. "किती शोधून घेतलीस ती खोली. महिनाभर काचेला कागद लावून बसायचीस. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"काय होतं तिथे?"

"काही होत नाही, तेच. इतकं शांत असतं की मला ऐकत बसावं लागतं. वाटतं, आता चमचा वाजेल. वाजला आणि मला ऐकू नाही आला तर? कळतं गं मला, ते नाहीत. पण कानांना कोण सांगणार? इथे गोंगाट असतो. वाजला तरी ऐकू यायचाच नाही, मग कान सैल सोडून बसते."

चावीबाईंना स्वतःचा असा राग आला की बस. जन्मभर वरच्यांना विचारलं, खालच्यांना विचारलं, शेजारपाजार पालथा घातला. ज्याला त्या खोलीत राहायचं, त्याला मात्र कधी विचारलं नाही की बाबा, तुला काय ऐकू यायला हवंय. छापखान्याच्या वर जाऊन राहिलेला तो मास्तर त्यांना आठवला. त्याची माफी मागावी असं त्यांना मनापासून वाटलं.

"तू इथेच बस," त्या म्हणाल्या. "हलू नकोस." आणि तरातरा चौकशीच्या खिडकीकडे गेल्या.

खिडकीवर आधीच एक गृहस्थ तावातावाने भांडत होते. बायको बाजूला पेंगत उभी. "डोक्यावर तलाव!" गृहस्थ म्हणत होते. "लोक नाचतात, खुर्च्या ओढतात. ही सुट्टी आहे का शिक्षा?" आतली मुलगी अजिजीने सांगत होती की जहाज भरलंय, खोली शिल्लक नाही, आपसात कोणी बदलायला तयार असेल तरच काही करता येईल.

चावीबाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला. "खुर्च्या कधी ओढतात?"

गृहस्थांना वाटलं, निदान कोणीतरी आपली बाजू घेतंय. "कधी नाही ते विचारा!"

"पहाटेसुद्धा?"

"पहाटे तर फरशी घासतात! खराट्याने!"

"अरे वा," बाई म्हणाल्या. "मधे काही खंड पडतो का? म्हणजे, अगदी सामसूम होते असं?"

"नाही हो! तेच तर!"

"मला बघता येईल?"

गृहस्थांनी बायकोकडे बघितलं. तिने खांदे उडवले. तिघं वर गेली. खोलीत शिरताच चावीबाई गालिच्यावर मांडी ठोकून बसल्या आणि डोळे मिटले. डोक्यावर धपाधप पावलं गेली. खुर्ची करकरत सरकली. कोणीतरी पाण्यात उडी मारली, मुलं ओरडली, परत खुर्ची. चावीबाई ऐकत राहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"बरं नाही का वाटत?" गृहस्थांच्या बायकोने हळूच विचारलं.

"फार छान आहे," चावीबाई डोळे उघडून म्हणाल्या. "आम्हाला हीच हवी. आमची घ्या तुम्ही. तिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल."

गृहस्थ आधी संशयाने बघत राहिले. फुकटात एवढं भलं होत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय, असं कोणालाही वाटणारच. पण खाली येऊन त्यांनी चावीबाईंची खोली बघितली, त्यांची बायको पलंगावर आडवी झाली ती उठेचना, आणि सौदा पक्का झाला.

सामान हलवताना वहिनी कुरकुरली. "वन्सं, हे काय चालवलंय? एवढी चांगली खोली!" राग खरा होता. पण नव्या खोलीत शिरताना डोक्यावर खुर्ची सरकली तशी तिने वर बघितलं आणि तिचे ताठलेले खांदे जरा सैल पडले.

सकाळी ऊन पार पलंगापर्यंत आलं तेव्हा वहिनी उठली. गालावर उशीची चुणी उमटली होती, केस विस्कटलेले. समोरच्या पलंगावर चावीबाई तारवटलेल्या डोळ्यांनी बसल्या होत्या. शांत खोल्यांत मुरलेल्या त्यांच्या कानांना त्या दणदणाटात पळभरही झोप लागली नव्हती. वरचा एक माणूस डावा पाय घासत चालतो आणि खराटेवाले दोघं आहेत, एवढी माहिती मात्र जमा झाली होती.

वहिनीने खुर्ची उचलली. बाल्कनीचं दार सरकवलं आणि खुर्ची समुद्राकडे तोंड करून ठेवली. बसली. बऱ्याच वेळाने तिथूनच तिने विचारलं, "चिमे, वर कोण राहतं गं?"

चावीबाई चमकल्या. आयुष्यभर हा प्रश्न त्यांचा होता. "का? त्रास झाला?"

"छे. मधेच एकदा जाग आली. ऐकायला लागले, तर वर कोणीतरी चालत होतं. मग काहीतरी ओढलं. म्हटलं, आहे कोणीतरी जागं. काही लागलं-सवरलं तर ते बघतील." ती पाण्याकडे बघत राहिली. "मग मी कूस बदलली."

चावीबाईंनी मान वर करून छताकडे बघितलं.

वहिनी वळली. तिने त्यांच्या लाल डोळ्यांकडे नीट बघितलं. उठून आत आली, उशी थापटली आणि फ्रॉक घालायच्या वयात दटावायची तसं दटावलं. "आडवी हो आधी. झोप आता. मी आहे जागी."

चावीबाई निमूट आडव्या झाल्या. वहिनीने चादर ओढून दिली. वर कोणीतरी खुर्ची सरकवली. कोणी सरकवली, हे बघायला जन्मात पहिल्यांदाच त्या उठल्या नाहीत.